पाणी संपलंय : 'राफ्ट' खेळताना, पंचगंगा चढताना

"पाणी संपलंय."

हे वाक्य मी आयुष्यात कितीदा ऐकलंय त्याची मोजदाद नाही. आधी भावाकडून, मग हॉस्टेलच्या रूममेटकडून, लग्नानंतर नवऱ्याकडून. शेवटची बाटली तोंडाला लावायची, रिकामी ओट्यावर ठेवायची आणि घराला बातमी द्यायची. त्या रात्री मात्र ते मला हेडफोनमधून ऐकू आलं. आम्ही भर समुद्रात एका तराफ्यावर होतो. नवरा बेटाभोवती बुड्या मारून धातूचे खडे घेऊन आला, पेटीत जपून ठेवलेला गोड्या पाण्याचा शेवटचा कप त्यानं रिकामा केला आणि अगदी सहज म्हणाला, "पाणी संपलंय."

मी तेव्हा तराफ्याच्या दुसऱ्या टोकाला शार्कला भाल्यानं टोचत होते.

"संपलंय, की तू संपवलंयस?"

पलीकडे शांतता. पलीकडे म्हणजे त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला. आमचे लॅपटॉप पाठीला पाठ लावून असतात. स्क्रीनच्या वरून त्याचं डोकं हळूच वर आलं. तो खरंच गोंधळला होता.

हा लेख 'राफ्ट' या गेमबद्दल आहे. त्यात आमचा संसार येणार आणि पंचगंगेचा पूरही येणार, त्याला इलाज नाही. कोल्हापुरात बसून बुडालेल्या जगाचा गेम खेळायचा आणि नदीचं नाव काढायचं नाही, हे मला जमण्यासारखं नाही.

चार चौकोन आणि एक आकडा

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सुरुवातीला तुमच्याकडे चार चौकोनांचा तराफा आणि दोरीला बांधलेला एक आकडा असतो. बाकी सगळीकडे पाणी. प्रवाहाबरोबर फळ्या, प्लॅस्टिक, माडाच्या झावळ्या आणि मधूनच एखादं पिंप वाहत येतं. आकडा फेकायचा, वस्तू ओढून घ्यायची. त्यातून हातोडा करायचा, हातोड्यानं पाचवा चौकोन जोडायचा. मग भाला करायचा, कारण एक शार्क सतत तराफ्याभोवती फिरत असतो आणि थोड्या थोड्या वेळानं येऊन एखादा चौकोन चावून तोडतो. त्याला मारलं तर काही काळ शांतता मिळते, मग पुन्हा शार्क हजर.

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांच्या हातून हा गेम सुरू झाला. पुढे त्यांचीच रेडबीट इंटरॅक्टिव्ह ही कंपनी झाली. २०१८ च्या मे महिन्यात तो अर्धवट अवस्थेतच विक्रीला आला आणि २० जून २०२२ ला पूर्ण झाला. अर्धवट विकायचा आणि खेळणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पुरा करायचा, ही या जातीच्या गेमची आता रीतच आहे. जातीचं नाव सर्व्हायव्हल-क्राफ्टिंग. जगायचं, त्यासाठी वस्तू बनवायच्या आणि बनवायला लागणारं सामान गोळा करत हिंडायचं. तुम्ही मोबाइलवर 'माइनक्राफ्ट'च्या सर्व्हायव्हल मोडमध्ये पहिली रात्र मातीच्या भोकात बसून काढली असेल, तर ही चव तुम्हाला ठाऊक आहे.

'राफ्ट'चं वेगळेपण असं की इथं तुम्ही सामानाकडे जात नाही, सामान तुमच्याकडे वाहत येतं. आणि चहूबाजूंनी पाणी असूनही तुमचा पहिला शत्रू तहान असते.

समुद्राचं पाणी पिता येत नाही. म्हणून एक साधं यंत्र बनवायचं. कपात खारं पाणी भरायचं, यंत्रावर ठेवायचं, खाली फळी जळणाला घालायची, थांबायचं. कपभर गोडं पाणी मिळतं. ते प्यायलं की पुन्हा पहिल्यापासून. त्यातलंच थोडं बटाट्याच्या वाफ्याला घालायचं, नाहीतर बटाटा वाढत नाही. बटाटा वाढला की समुद्रपक्षी येऊन टोचतो, म्हणून बुजगावणं. बटाटा शेगडीवर भाजायला पुन्हा फळी. हे सगळं चालू असताना मागून शार्क.

ओळखीचं वाटलं ना? मलाही वाटलं.

ज्या कामाला मीटर असतं

आम्ही २०२१ च्या लॉकडाउनमध्ये हा गेम घेतला. तो शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत आहे, मी घरून काम करते. तेव्हा दोघंही घरीच होतो आणि एकमेकांशी बोलायचे विषय संपत आले होते.

पहिल्या आठवड्यात, कुणी काही न ठरवता, कामं वाटली गेली. तो बेटांवर जायचा, पाण्याखालून वाळू, चिकणमाती, धातू आणायचा, नव्या गोष्टींचे शोध लावायचा. मी तराफा सांभाळायचे. म्हणजे पाणी, बटाटे, शेगडी आणि शार्क. तो आला की मोठ्यानं सांगायचा, "बघ, काय आणलंय!" मी काय केलंय ते दाखवण्यासारखं नसायचं. पेटीत सहा कप पाणी होतं, आता दोन आहेत. तराफ्याचा एकही चौकोन कमी झालेला नाही. न घडलेल्या गोष्टी कशा दाखवणार?

इथंच 'राफ्ट' मला आवडायला लागला. हा गेम ते दाखवतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात भुकेची पट्टी आहे, तहानेची पट्टी आहे आणि प्रत्येकाला आपापली आहे. दोघं खेळायला लागलं की तहान दुप्पट होते. हात दुप्पट होतातच असं नाही. कुणी कप भरला नाही, तर ते कुणाच्या स्वभावावर किंवा मूडवर ढकलता येत नाही. पट्टी खाली येते, दोघांना दिसते. घरात ज्या कामाला कधीच आकडा नसतो, त्याला इथं आकडा आहे.

'पाणी संपलंय' प्रकरणानंतर आम्ही कामांची अदलाबदल केली. मी बेटांवर, तो तराफ्यावर. पहिल्या दिवशी मी पाण्याखालून वर आले तेव्हा आमचा तराफा दोन चौकोनांनी आखूड झाला होता, बटाटे पक्ष्यांनी खाल्ले होते आणि नवरा अत्यंत अभिमानानं मला पाण्याची चार यंत्रं एका रांगेत दाखवत होता. इंजिनिअर माणूस. प्रश्न दिसला की त्यावर यंत्र लावायचं.

"छान. भरणार कोण?"

चारही यंत्रं रिकामी होती.

गेमचं उत्तरही खरं तर त्याच्यासारखंच आहे. पुढे पुढे तुम्हाला कंटाळवाण्या कामांवर यंत्रं मिळत जातात. तराफ्याच्या कडेला जाळी लावली की सामान आपोआप अडकतं, आकडा फेकावा लागत नाही. बॅटरीवर चालणारं पाण्याचं यंत्र मिळतं. पण बॅटरी संपते, जाळीतलं सामान कुणीतरी काढावं लागतं आणि जाळी शार्कला आवडते. काम नाहीसं होत नाही, फक्त लक्ष ठेवण्याचं काम होऊन बसतं. वॉशिंग मशीन आल्यावर आमच्या आईचं जे झालं तेच. 'राफ्ट'ला हे पक्कं कळलेलं आहे आणि दोघांनी मिळून खेळायच्या गेममध्ये हे कळणं फार मोलाचं आहे. पुष्कळ कोऑप गेम दोघांना एका शत्रूवर गोळ्या झाडायला लावतात आणि त्याला सहकार्य म्हणतात. इथं सहकार्य म्हणजे दुसरा बुडी मारून वर येईपर्यंत कप भरलेला असणं.

एक गोष्ट आणखी. तुम्ही मेलात, तर जोडीदार तुम्हाला खांद्यावर उचलून नेऊन पलंगावर निजवू शकतो. मग तुम्ही उठता. सामान शाबूत. त्यासाठी पलंग आधी बांधलेला हवा आणि जोडीदाराच्या स्वतःच्या पट्ट्या तेवढ्या वर हव्यात. संपूर्ण गेममधली ही सगळ्यात हळवी क्रिया आहे आणि तिच्यामागेही पुन्हा पाणी-बटाटेच आहेत.

थोडक्यात, घर या गेमनं आतून बघितलंय. पूर मात्र त्यानं कुठून बघितला, ते मला त्याच वर्षीच्या जुलैत कळलं.

राजाराम बंधाऱ्यावर किती?

कोल्हापूरकरांना मीटर नवीन नाही. पावसाळ्यात इथं माणसं एकमेकांना 'कसा आहेस' विचारायच्या आधी 'राजाराम बंधाऱ्यावर किती?' असं विचारतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचं पाणी पंचगंगेत येतं. वर राधानगरीला धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आहेत, त्यातला कुठला उघडला याची बातमी मिनिटाला फॉरवर्ड होते. २००५ चा पूर आमच्या पिढीनं लहानपणी बघितला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ दिवसेंदिवस बंद पडला. मोठ्यांनी सांगितलं, असा पूर आता लवकर येत नाही. दोन वर्षांत आला. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५५ फूट ओलांडून गेलं.

आमचं भाड्याचं घर राजारामपुरीत, उंचावर, तिसऱ्या मजल्यावर. नवऱ्याचं मूळ घर शुक्रवार पेठेत, नदीकडच्या बाजूला. सुतारवाड्यात पाणी आलं म्हणजे आता आपली पाळी, हा तिथला हिशेब. सासूबाईंना आम्ही आदल्या संध्याकाळी आमच्याकडे आणलं. एक बॅग, देव्हाऱ्यातले देव आणि गॅसची टाकी. टाकी कशाला, असं विचारल्यावर म्हणाल्या, "पोहत गेली तर?"

दुसऱ्या दिवसापासून नळ बंद. शहराला पाणी देणारी उपसा केंद्रं तेव्हा नदीकाठी होती. पूर आला की तीच आधी बुडायची. खाली सगळं पाणीच पाणी आणि वर प्यायला थेंब नाही. चौकात टँकर यायचा. लिफ्ट बंद. मी आणि सासूबाई बादल्या, कळशा, मिळेल ते घेऊन रांगेत उभ्या राहायचो. मला आमची खाऱ्या पाण्याची यंत्रं आठवत होती आणि गंमत अजिबात वाटत नव्हती.

नवरा दिवसभर बाहेर. तालमीच्या पोरांबरोबर दूध पोचव, कुणाच्या आजोबांना खांद्यावर घेऊन बाहेर काढ, औषधं आण. हे सगळं गरजेचं होतं, मी नाकारत नाही. पण तो बेटावर आणि मी तराफ्यावर, ही वाटणी कुणीही न ठरवता परत तीच झाली होती. दुसऱ्या रात्री चिंब भिजून आला, माठाशी गेला, तांब्या बुडवला. रिकामा आवाज आला. तो वळून म्हणाला, "पाणी..." आणि थांबला.

मी काही बोलले नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत. टँकर केव्हाच गेला होता. सकाळी सहाला मी उठले तेव्हा दोन कळशा जाग्यावर नव्हत्या आणि तोही नव्हता.

"कुणाचं हाय ते?"

तिसऱ्या दिवशी पाऊस जरा थांबला. बाहेर जाण्यासारखं काही नव्हतं, वीज होती. त्यानं नुसतं हात गुंतवायला म्हणून लॅपटॉप उघडला आणि तराफ्यावर गेला. माझी इच्छा नव्हती, मी नुसती बघत होते. सासूबाई आल्या. "मी बसतो जरा इथं," म्हणाल्या. (कोल्हापुरात बायकाही 'बसतो' म्हणतात, त्यात काही चुकलेलं नाही.) चष्मा पुसून स्क्रीनकडे बघत राहिल्या. पाणी, आकडा, वाहत येणारं पिंप. त्यानं आकडा टाकून पिंप ओढलं. आतून फळ्या, दोरी, एक बीट निघालं.

"कुणाचं हाय ते?"

"कुणाचंच न्हाई, आई. गेम हाय."

"कुणाचंच कसं नसंल? पिंप हाय न्हवं? कुणीतरी भरून ठेवलंतं की."

तो हसला. मलाही आधी हसू आलं. मग तो प्रश्न डोक्यातून जाईना.

'राफ्ट'मध्ये समुद्रावर जे वाहत येतं ते कच्चा माल असतं. फळी म्हणजे फळी. ती कुणाच्या दाराची होती, कॉटची होती की देव्हाऱ्याची, हे गेमला माहीत नाही. समुद्राची पातळी वाढून जग बुडालंय, अशी कथा आहे. म्हणजे हा सगळा पसारा बुडालेल्या घरांचाच असला पाहिजे. पण खेळताना तुम्ही एकदाही थबकत नाही. ही या जातीची जुनी खोड आहे. १७१९ साली आलेल्या डॅनिएल डीफोच्या 'रॉबिन्सन क्रूसो'मध्येही नायक बुडत्या जहाजावर परत परत जाऊन सामान काढून आणतो. मालक बुडाले, तेव्हा सामान त्याचं. तिथून 'माइनक्राफ्ट'पर्यंत सरळ रेघ ओढता येते. जग म्हणजे सामानाचं कोठार आणि जो पोचला तो मालक.

गेमची बाजूही मांडली पाहिजे. बेटांवर चिठ्ठ्या सापडतात. रेडिओ टॉवरवर राहिलेली माणसं, 'वासागातान' नावाच्या अडकलेल्या जहाजावरची माणसं, पुढे तांगारोआ नावाचं तरंगतं शहर. त्यांचं काय झालं ते चिठ्ठ्यांतून कळत जातं आणि काही चिठ्ठ्या चांगल्याच टोचतात. पण ती माणसं कागदावर राहतात. कुणीही तराफ्याशी येऊन म्हणत नाही, ते पिंप माझं आहे.

पावसाळ्यात कोल्हापूरकर शिवाजी पुलावर पूर बघायला जातात. सहकुटुंब. भाजलेलं कणीस खात, फोनवर व्हिडिओ काढत. वरून बघताना नदीतून वाहत जाणारं लाकूड नुसतं लाकूड असतं. त्यात क्रौर्य काही नाही, ते अंतरच तसं आहे. 'राफ्ट' हा पुलावरून बघितलेला पूर आहे. घर आतून आणि पूर पुलावरून, असा हा गेम आहे. त्याची ताकद पहिल्या अर्ध्यात आहे, उणीव दुसऱ्या अर्ध्यात.

तराफ्याबद्दलही तेच. गेममध्ये तराफा म्हणजे सुटका. आमच्या भागात माणसं पुरात गुळाच्या काहिलीत बसून पलीकडे गेली आहेत, ट्रकच्या ट्यूबवर गेली आहेत. खरं क्राफ्टिंग म्हणायचं तर ते. पण ८ ऑगस्ट २०१९ ला शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोटच उलटली आणि गावातली माणसं बुडाली. तेव्हापासून बोटीत बसलं म्हणजे वाचलो, असं इथं कुणी सहज म्हणत नाही. गेममध्ये तराफा उलटत नाही.

पाणी उतरल्यावर

'राफ्ट'मध्ये पाणी कधीच उतरत नाही. मला वाटतं, हीच त्यातली सगळ्यात मोठी सोय आहे.

कारण पूर येतो तेव्हा नव्हे, जातो तेव्हा घर कळतं. शुक्रवार पेठेतल्या घरात आम्ही शिरलो तेव्हा खिडकीच्या वरपर्यंत भिंतीवर सरळ रेघ होती. पट्टीनं आखल्यासारखी. खाली सगळीकडे गुळगुळीत चिखल. प्लायवूडचं कपाट फुगून त्याचं दार उघडेना. गाद्यांनी इतकं पाणी धरलेलं की चौघांना एक उचलेना. तांदळाच्या डब्याचं झाकण काढलं आणि लगेच लावलं. त्या वासाला मराठीत शब्द नाही, आणि नसलेलाच बरा.

चार दिवस आम्ही साफ करत होतो. फावड्यानं चिखल ओढायचा, घमेल्यात भरायचा, गल्लीत टाकायचा, खराट्यानं फरशी घासायची, वाळली की परत पांढरी साय यायची, परत घासायची. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा ओल्या वस्तू मोजून दाखवायच्या होत्या, म्हणून टाकायलाही जीव होईना. शेजारी आमच्याकडे, आम्ही शेजाऱ्यांकडे. तालमीची पोरं पाइप घेऊन घरोघर. कुणाच्या घरात कोण साफ करतंय, याचा हिशेब दुसऱ्या दिवशीच सुटला.

सर्व्हायव्हल-क्राफ्टिंगचं मुख्य क्रियापद 'बनवणे' आहे. 'राफ्ट'मध्ये तुम्ही शेकडो गोष्टी बनवता, एकही गोष्ट पुसत नाही. शेगडीवर बटाटे भाजून भाजून तळ काळा होत नाही. कप विसळावा लागत नाही. मी आधी गेमचं कौतुक केलं की तो घरकामाला आकडा देतो. ते खरंच आहे, पण अर्धंच. तो त्या घरकामाला आकडा देतो ज्यातून काहीतरी तयार होतं: कपभर पाणी, एक बटाटा. ज्यातून फक्त काल होतं तसं आज पुन्हा होतं, ते काम त्यालाही दिसत नाही. पूर आलेल्या गावात पुढचा महिना तेच एक काम असतं. आणि संसारात, पूर न येताही, निम्मं काम तेच असतं.

साफसफाईचा खेळ होत नाही, असं कुणी म्हणू नये. 'पॉवरवॉश सिम्युलेटर' नावाचा गेम २०२२ मध्ये पूर्ण झाला. त्यात पाण्याच्या फवाऱ्यानं घाण धुण्याखेरीज काही करायचं नसतं, तोही दोघांनी मिळून खेळता येतो आणि त्याचं लोकांना अक्षरशः व्यसन लागतं. म्हणजे हाताला मजा येते. प्रश्न एवढाच की ती घाण कुणाच्या आयुष्यावर बसलेली नाही. चिखलाखालून बारावीचं सर्टिफिकेट निघालं, तर फवारा मारणारा हात थांबतो. तो थांबणारा हात मला अजून कुठल्याच सर्व्हायव्हल गेममध्ये सापडलेला नाही.

तिसऱ्या दिवशी परड्यातला चिखल ओढताना स्टीलचा एक डबा निघाला. आमचा नव्हता. सासूबाईंनी तो पाण्याखाली धरला, अंगठ्यानं घासला. बुडाशी नाव कोरलेलं होतं, खाली 'वास्तुशांती' आणि १९९१. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात. लहानपणी मला ते कंजूषपणाचं वाटायचं.

गल्लीत विचारत विचारत त्यांनी पत्ता काढला. वरच्या अंगाला तीन गल्ल्या सोडून. डबा परत करायला निघाल्या आणि दारातून मागे फिरल्या. रिकामा डबा कसा द्यायचा? घरात काही नव्हतं. माझ्या पर्समध्ये चहाच्या टपरीवरून उचललेल्या साखरेच्या दोन पुड्या होत्या. त्या फोडून त्यांनी डब्यात टाकल्या आणि झाकण लावलं.

परत तराफ्यावर

त्यानंतर वर्षभर आम्ही तो गेम उघडला नाही. २०२१ मधल्या आवृत्तीत कथा तांगारोआपाशीच थांबायची, त्यामुळे सबबही होती. पुढचे भाग घेऊन पूर्ण आवृत्ती आली, तेव्हा एका शनिवारी त्यानं विचारलं, "जायचं?" मी म्हटलं, जाऊ.

नव्या भागात एका ठिकाणाचं नाव चक्क वरुण पॉइंट आहे. पाण्यात उभी असलेली अर्धवट बांधलेली इमारत, खालचे मजले बुडालेले, आत बुडी मारून शिरायचं. बुडी मारताना मला आमच्याकडच्या पूररेषा आठवत होत्या. २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल. नकाशावर त्या शांत दिसतात. दोन वर्षांत दोनदा पाणी बघितलेल्या माणसाला मग '१०० वर्षांत एकदा' या शब्दांचं काय करायचं, ते कळत नाही. गेमला या भानगडीत पडायचं नाही. त्याचा पूर आधीच येऊन गेलाय, कुणाच्या परवानगीनं कुठं काय बांधलं, हे विचारायला कुणी उरलेलं नाही. पण त्या बुडालेल्या जिन्यातून वर येताना, हवा संपत आलेली असताना, काही सेकंद मला पुलावर नसल्यासारखं वाटलं. 'राफ्ट'मध्ये असे क्षण थोडे आहेत, पण आहेत.

शेवट सांगत नाही. तो जरा घाईचा आणि जरा गोडच आहे. एवढंच सांगते की उशिरा का होईना, गेमला माणसं आठवतात. चिठ्ठ्यांतली काही जण जिवंत भेटतात. आधीपासून असलेल्या माया आणि रुही या दोन पात्रांऐवजी मग तुम्ही त्यांच्यापैकी कुणी होऊन खेळू शकता. इतके तास वस्तू गोळा केल्यावर माणूस सापडतो तेव्हा बरं वाटतं. सासूबाईंच्या प्रश्नाला हे पूर्ण उत्तर नाही, पण प्रश्न निदान ऐकू आला असावा.

तर, खेळावा का? खेळावा. एकट्यानं नको, एकट्यानं तो नुसता कंटाळवाणा होतो, कारण त्यातली खरी गोष्ट 'कुणी केलं' ही आहे आणि एकटं असलं की ते विचारायला कुणी नसतं. ज्याच्याबरोबर एका घरात राहता किंवा राहायचा विचार आहे, त्याच्याबरोबर खेळा. पहिले दहा तास कामं वाटून घेऊ नका. आपोआप कशी वाटली जातात ते बघा. मग उलटी करून बघा. लग्नाआधीच्या चार कॉफ्यांत जे कळत नाही, ते दोन पट्ट्या आणि एका शार्कमध्ये कळतं. आणि पिंप ओढून घेताना एकदा तरी मनात विचारा, कुणाचं आहे ते. गेम उत्तर देणार नाही. आपण विचारायला हरकत नाही.

आमच्याकडे 'पाणी संपलंय' अजूनही ऐकू येतं. फरक एवढाच की ते म्हणणारा आता रिकामी बाटली हातात घेऊन फिल्टरकडे जाता जाता म्हणतो.

कधीकधी.